काठपदराचं शीड

वडगावपासून समुद्र पंच्याहत्तर मैलांवर आहे. तम्मण्णाला हा आकडा चांगला ठाऊक होता. नकाशावर दोरा टाकून त्यानंच तो मोजला होता. तरीही चौतीस सालच्या एप्रिलात त्यानं घरासमोरच्या बोळात होडी बांधायला घेतली, तेव्हा लोकांनी दोष त्याला दिला नाही, त्याच्या बी. एस्सी.ला दिला.

"लई शिकलं की असं होतंय," असं समोरच्या यमनाप्पानं जाहीर केलं. यमनाप्पा स्वतः मराठी तिसरीपर्यंत शिकला होता आणि त्याच्या दारात कधी होडी उभी राहिली नव्हती. त्यामुळे हा सिद्धान्त खोडून काढणं अवघड होतं.

सगळ्याच्या मुळाशी मुंबईचं एक पत्र होतं. तिथल्या हवामान मोजणाऱ्या एका कचेरीनं तम्मण्णाला वाऱ्याच्या नोंदी ठेवायच्या कामावर बोलावलं होतं. मेअखेर होकार कळवायचा होता. तम्मण्णाचा होकार तयार होता, नव्हता तो त्याच्या वडिलांचा. कल्लाप्पांच्या घरात चार माग होते. त्यातल्या चौथ्या मागाखाली, विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात, आजोबा गेल्यापासून मांजर वीत होती. येत्या अक्षयतृतीयेला मांजर बाहेर आणि तम्मण्णा आत, असं कल्लाप्पांनी पक्कं ठरवलं होतं. बेळगावच्या शहापूर-वडगावात मागवाल्याचा मुलगा मागावर बसतो. यात ठरवण्यासारखंही काही नसतं.

"वारा मोजाय पगार देत्यात?" कल्लाप्पांनी विचारलं.

"व्हय आप्पा."

"आनि न्हाय मोजला, तर थांबतोय का त्यो?"

तम्मण्णानं शांतपणे सांगायला सुरुवात केली. वाऱ्याचं शास्त्र असतं, त्याची दिशा असते, जोर असतो. इतकंच काय, शीड नीट लावलं तर वाऱ्याच्याच जोरावर होडी वाऱ्याच्या तोंडावर नेता येते. हे शेवटचं वाक्य बोलला नसता, तर पुढचा महिना सुखात गेला असता.

"म्हंजे वारा समोरनं ढकलतोय आनि होडी फुडं जातीया?"

तम्मण्णानं फळीवरचा एक चिंचोका घेतला, दोन बोटांत दाबला. चिंचोका सुळकन निसटून उंबऱ्यात बसलेल्या यमनाप्पाच्या कानाला लागला. "असं. एका बाजूनं वारा दाबतो, दुसऱ्या बाजूनं पाणी. होडी मधनं फुडं निसटते."

"चिंचोके खळीला लागत्यात. खेळू नगंस," कल्लाप्पा म्हणाले. पण ते त्या चिंचोक्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांनी बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात निवाडा दिला. तम्मण्णानं त्यांच्या डोळ्यांदेखत होडी वाऱ्याच्या तोंडावर नेऊन दाखवावी. नेली तर मुंबई. नाही नेली तर अक्षयतृतीया.

वेंगुर्ल्याला एक होडी भाड्यानं घेऊन हे काम अर्ध्या तासात उरकलं असतं, असं तम्मण्णाचं म्हणणं होतं. ते कुणालाच पटलं नाही. "तिथल्या होड्यांस्नी वाट पाठ असती," यमनाप्पा म्हणाला, "त्या आपसूक जात्यात. त्यात तुजं शास्तर काय?" कल्लाप्पांनी मान डोलावली. भाड्याचा बैल मुक्कामाला पोचला म्हणून गाडीवान हुशार ठरत नाही. होडी स्वतःचीच पाहिजे.

म्हणून होडी.

ती बांधायला मष्णू सुतार आला. मष्णू बैलगाड्या करी, माग करी आणि गुरांना पाणी पाजायच्या लाकडी दोणी करी. होडी त्यानं पाहिली नव्हती. तम्मण्णानं त्याला मापांसकट चित्र काढून दिलं. लांबी बारा फूट, रुंदी सव्वाचार, तळाला उभी फळी. मष्णूनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "दोनच की ही. टोकं तेवढी चिमटलेली." जांबोटीकडचं फणसाचं लाकूड आलं आणि बोळातला रस्ता पंधरा दिवस बंद झाला. रोज सकाळी बोळातल्या बायका घागरी घेऊन होडीच्या एका बाजूनं चढत आणि दुसऱ्या बाजूनं उतरत. नौकाशास्त्राचा इतका सराव कुठल्या बंदरावरच्या बायकांनाही नसेल.

सल्ले मात्र फुकट येत होते. एकानं सांगितलं, वर छप्पर घाला, उन्हाचं बरं. दुसऱ्यानं विचारलं, बैल कुठं जुंपणार? यमनाप्पानं तर खालून चाकंच बसवायला सांगितली, म्हणजे वेंगुर्ल्यापर्यंत गाडीही लागणार नाही आणि समुद्र उथळ लागला तर तिथंही कामाला येतील. यमनाप्पाच्या मताला वजन होतं. वीस वर्षांपूर्वी लुगड्यांचे गठ्ठे घेऊन तो वेंगुर्ल्याच्या पेठेत गेला होता आणि टेकडीवरून त्यानं समुद्र लांबून पाहिला होता. "निळा असतोय," तो सांगे, "आनि हालत असतोय." याच्यापुढे कुणाची माहिती गेली नव्हती.

शिडाचं कापड घरच्याच मागावर काढायचं ठरलं. तम्मण्णानं क्षेत्रफळ काढलं, वीण किती घट्ट पाहिजे ते काढलं, आणि साधं पांढरं कापड दोन लांबीत विणायला आपल्या आईला, चंपाबाईंना, सांगितलं. चंपाबाई रहाट थांबवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"बिनकाठाचं पांढरं? माज्या मागावर? घरात धनी हाय रं अजून माजा."

"आई, ते लुगडं न्हाय. शीड हाय."

"ते तुला ठावं. मागाला काय कळतंय?"

या प्रश्नाला पदार्थविज्ञानात उत्तर नव्हतं. नवरा जिवंत असताना कोरं बिनकाठाचं पांढरं नऊवार कापड घरच्या मागावरून उतरत नाही, मग ते बाई नेसो की होडी. शेवटी शिडाला दोन बोटं लाल काठ आला. काठ आला म्हणून पदर आला. पदर मोकळा दिसतो म्हणून त्यावर कळ्यांची ओळ आली. तम्मण्णानं काठापदराचं वजन नव्यानं हिशेबात धरून डोलकाठी एक इंच खाली घेतली. त्याला एवढंच समाधान की इतर कुणी हे केलं नसतं.

आता चाचणीसाठी पाणी हवं होतं. बेळगावात पाणी म्हणजे किल्ल्याचा खंदक. पण खंदक लष्कराच्या हद्दीत. तम्मण्णा अर्ज घेऊन तिथल्या एका कचेरीत गेला. कारकुनानं अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"किल्ल्याकडे होडीतून येणार?"

"किल्ल्याकडे म्हणजे, खंदकात."

"किती माणसं? हत्यारं?"

"दोन माणसं. दोन वल्ही."

कारकुनानं सांगितलं की किल्ल्यावर पाण्यातून येण्यासाठी अर्जाचा नमुना उपलब्ध नाही. आजवर जे कोणी किल्ल्यावर चालून आले, त्यांनी अर्ज केलेला नाही. नवा नमुना पुण्याहून मागवावा लागेल. तम्मण्णानं अर्ज घडी करून खिशात घातला आणि घरी येईपर्यंत तो त्या कारकुनाला द्यायची उत्तरं मनात जुळवत राहिला. उत्तरं फार चांगली होती. तशी ती नेहमी घराजवळ आल्यावरच सुचत.

मग चाचणी गावाबाहेर म्हशींच्या तळ्यात झाली. पन्नास माणसं जमली. तम्मण्णानं होडीच्या अंगावर खडूनं एक रेघ मारली होती आणि होडी बरोबर एवढीच बुडेल असं आधी सांगून ठेवलं होतं. होडी पाण्यात ढकलली आणि ती त्या रेघेवर येऊन थांबली. एक बोटही इकडेतिकडे नाही! तम्मण्णानं मागं वळून वडिलांकडे पाहिलं. कल्लाप्पा खरोखरच रेघेकडे बघत होते.

तेवढ्यात होडीत बसलेला यमनाप्पा म्हणाला, "ह्ये काय रं?" आणि त्यानं तळातला एक लाकडी बोळा उपटून वर धरला.

दोणीला तळाशी भोक ठेवायचं, म्हणजे धुवायला बरं पडतं, हे मष्णू आयुष्यभर करत आला होता. होडीलाही धुवायला लागणारच, म्हणून त्यानं तिलाही ठेवलं होतं. होडी खडूची रेघ ओलांडून सावकाश खाली गेली, यमनाप्पा बोळा हातात घेऊन कमरेपर्यंत उभा राहिला, आणि एक म्हैस येऊन डोलकाठीला अंग घासू लागली. "रेघ बरुबर हुती," कल्लाप्पा घरी जाताना एवढंच म्हणाले. ते कौतुक होतं की काय होतं, याचा विचार तम्मण्णानं दोन दिवस केला.

भोक बुजवलं. दहा दिवस होडी उन्हात वाळली. बोळातल्या बायकांनी तिच्यात सांडगे घातले, मग कांदे पसरले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मष्णूच्या गाडीवर होडी उपडी घालून कल्लाप्पा, तम्मण्णा, यमनाप्पा आणि मष्णू वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले. चंपाबाईंनी होडीच्या नाकाला लिंबू-मिरची बांधली. यमनाप्पाचं काम काय, हे कुणी विचारलं नाही. साक्षीदार म्हणून आलोय, असं तो वाटेत भेटेल त्याला सांगत होता.

वाटेतल्या एका संस्थानच्या हद्दीवर जकातीचा नाका लागला. नाकेदारानं गाडीभोवती फेरी मारली.

"काय आहे?"

"होडी," तम्मण्णा म्हणाला.

नाकेदारानं मालाची छापील यादी काढली. लाकूड होतं, कापड होतं, गुरं, गूळ, तंबाखू होती. होडी नव्हती. "होडी पाण्यातून येते," त्यानं शांतपणे सांगितलं. "ही रस्त्यानं आली. तेव्हा ही होडी नव्हे."

तम्मण्णाला तर्कातली चूक लगेच दिसली आणि त्यानं ती पहिल्या पायरीपासून दाखवायला घेतली. तिसऱ्या पायरीपर्यंत नाकेदाराचा चेहरा असा झाला की मष्णूनं बैल सोडून त्यांच्यापुढे चारा टाकला. दुपार गेली. शेवटी यमनाप्पा पुढे झाला आणि नाकेदाराला म्हणाला, "साहेब, पाळणा म्हणून लिवा की. हालतोय बी तसाच."

नाकेदारानं यादी पाहिली. घरगुती सामानात पाळणा होता. त्यानं पावतीवर लिहिलं, 'लाकडी पाळणा, मोठा, नग एक', आणि पावती देताना कल्लाप्पांना कौतुकानं विचारलं, "कितवं?"

कल्लाप्पांनी पावती खिशात कोंबली आणि मष्णूला बैल जुंपायला सांगितलं.

पाचव्या दिवशी शेवटचं वळण आलं आणि समुद्र दिसला. कल्लाप्पांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले, पटका सारखा केला. यमनाप्पानं मालकासारखा हात पसरून विचारलं, "कसा हाय?"

कल्लाप्पांनी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे पाहिलं. "काठ एकाच अंगाला हाय," ते म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. बैलांना पाणी दाखवून झालं, मष्णूची तंबाखू खाऊन झाली, तरी उठेनात.

बंदरावर आणखी एक कारकून होता. नवी होडी पाण्यात घालायची तर तपासणी, दाखला, नंबर, आणि त्याला पंधरा दिवस. पंधरा दिवसांत अक्षयतृतीया येऊन गेली असती. कारकुनानं सोबतचे कागद मागितले. कागद म्हणजे नाक्याची पावती. त्यानं ती वाचली, होडीकडे पाहिलं, पुन्हा पावती वाचली.

"हा तर पाळणा आहे."

तम्मण्णानं तोंड उघडलं. कल्लाप्पांनी त्याचा दंड धरला.

"व्हय साहेब," कल्लाप्पा म्हणाले, "पाळणाच."

"पाळण्याला दाखला लागत नाही," कारकून म्हणाला आणि खिडकी लावून जेवायला गेला. बी. एस्सी. झालेल्या माणसानं बांधलेली, हिशेबानं तंतोतंत बसवलेली ती नौका सरकारदरबारी पाळणा म्हणून समुद्रात उतरली, हे तम्मण्णानं पुढे कधीही कुणाला सांगितलं नाही.

उतरली, आणि लगेच गळू लागली. दहा दिवसांचं ऊन आणि पाच दिवसांचा रस्ता. फणसाच्या फळ्या आकसून त्यांच्यामधून बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. धक्क्यावर जाळं शिवत बसलेला एक म्हातारा तांडेल उठून आला. त्यानं फटीतून समुद्र पाहिला.

"सुकली ती. दोन दीस बुडवून ठेव तिका."

"बुडवून?" कल्लाप्पा म्हणाले.

"बुडवल्याशिवाय तरंगाची नाय. लाकूड फुगाक होया."

तम्मण्णाला हे तत्काळ पटलं आणि आपल्याला आधी कसं सुचलं नाही म्हणून तो मनातून जळला. कल्लाप्पांना पटलं नाही. पंच्याहत्तर मैल गाडीवरून आणून होडी मुद्दाम बुडवायची, तिच्यावर दगड ठेवायचे, आणि तिच्या शेजारी दोन दिवस बसून राहायचं! जाणारा-येणारा विचारी, "काय बुडाला?" आणि यमनाप्पा सांगे, "आमचा पाळणा." तेव्हा लोक हळहळत पुढे जात. तम्मण्णा दर तासाला गुडघाभर पाण्यात जाऊन फटी चाचपत होता, वहीत आकडे लिहीत होता, उठत होता, बसत होता. मुंबईला जायचं की खड्ड्यात उतरायचं, हे आता लाकडाच्या फुगण्यावर होतं, आणि लाकूड अजिबात घाईत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी होडी वर काढली. थेंबभर पाणी येत नव्हतं. दुपारी वायव्येचा वारा सुरू झाला. अर्ध्या मैलावर, बरोबर वाऱ्याच्या दिशेला, एक मोठा मचवा नांगरून उभा होता. त्याला हात लावून परत यायचं, असं ठरलं. डोळ्यांदेखत म्हणजे डोळ्यांदेखत, म्हणून कल्लाप्पा पटका घट्ट करून होडीत बसले. तम्मण्णानं शीड चढवलं.

धक्क्यावरच्या कोळणींनी जे हसायला सुरुवात केली, ते विचारू नये.

"गो बाय, कोणाचा लुगडा ह्या?"

"नवरी खंय आसा रे?"

"पदर सांभाळ रे पोरा, वारो सुटलोहा!"

तम्मण्णानं तिकडे लक्ष दिलं नाही, म्हणजे त्याचे कान लाल झाले एवढंच. त्यानं शिडाची दोरी ओढली, सुकाणू दाबलं, आणि होडी हलली. हलली म्हणजे चालली. थोडी कलली, आणि वाऱ्याला तिरका खांदा देऊन पुढे घुसू लागली. लाल काठ उन्हात ताठ उभा राहिला. पुस्तकातली आकृती पाण्यावरून चालली होती आणि तम्मण्णा त्या आकृतीत बसला होता.

"मचवा तिकडं हाय," कल्लाप्पा म्हणाले.

"व्हय आप्पा. वाऱ्याच्या तोंडात सरळ जाता येत न्हाय. तिरकं जायचं."

"रस्ता चुकलास म्हन की."

"हाच रस्ता हाय."

थोड्या वेळानं त्यानं होडी वळवली, शीड दुसऱ्या बाजूला घेतलं. कल्लाप्पांनी दोन्ही हातांनी कड धरली.

"मग आता वळलास कशाला?"

"हाबी रस्ताच हाय."

धक्क्यावरून यमनाप्पाचा आवाज आला, "तम्मण्णा! मचवा हिकडं हाय रं! उजव्या हाताला!" होडी पुन्हा वळली. "आता डाव्या हाताला!" साक्षीदारानं धक्क्यावरच्या लोकांना सांगून टाकलं, की पोराचा तोल गेलाय. खरं तर तम्मण्णा जिंकत होता. दर वळणाला तो वाऱ्यात तीस-चाळीस हात वर सरकत होता, आणि हे कळणारा माणूस त्या सबंध किनाऱ्यावर फक्त तो तांडेल होता. तो जाळं शिवत होता.

"आप्पा, मागं बघा. धक्का किती लांब गेला?"

कल्लाप्पांनी मागं पाहिलं. मग तोंडावर येणारा वारा गालानं पाहिला. मग मचवा पाहिला. तो खरोखर मोठा झाला होता. "गेलाय खरा," ते सावकाश म्हणाले. "वारा समोरनंच हाय आनि धक्का..."

याच वेळी एक लाट होडीच्या नाकावर फुटली आणि अर्धं शीड भिजलं. मग दुसरी फुटली, तिसरी फुटली. शिडावरून दुधासारखं पांढरं काहीतरी ओघळायला लागलं आणि कल्लाप्पांच्या पटक्यावर ठिबकू लागलं. त्यांनी ते बोटानं पुसलं, दोन बोटांत चोळलं.

"खळ सुटली रं!" ते ओरडले.

वडगावात माग चालवणाऱ्या कुठल्याही घरात ताण्याला खळ देतात. खळीशिवाय सूत मागावर टिकतच नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे, की ती कुणी कुणाला सांगत नाही, आणि म्हणूनच तम्मण्णाच्या वहीत ती नव्हती. त्यानं घट्ट म्हणून मोजलेल्या कापडातली अर्धी घट्टाई सुताची होती आणि अर्धी चिंचोक्याच्या खळीची. ती अर्धी आता समुद्रात चालली होती. दहा मिनिटांत शीड जुन्या धोतरासारखं ढिलं पडलं. वारा त्यातून आरपार जाऊन पलीकडे आपल्या कामाला लागला.

आणि मासे आले. आधी चार बोय मासे उडाले, मग पाणी चमचमलं, मग होडीभोवती खळीच्या पांढऱ्या ढगात शेकडो मासे तोंडं उघडून गोळा झाले. ते बघून धक्क्याजवळच्या तीन होड्या जाळी घेऊन सुटल्या. "हालू नको रे!" एकजण ओरडला. "शीड पाण्यात सोड आनि थंयच ऱ्हव!" तम्मण्णाच्या चारी बाजूंनी जाळी पडू लागली. वाऱ्याचं शास्त्र सिद्ध करायला आलेला माणूस माशांचं आमिष झाला होता.

"वल्ही घे," कल्लाप्पा म्हणाले.

तम्मण्णानं वल्ही घेतली. वल्ह्यांविषयी त्यानं दोन प्रकरणं वाचली होती. त्यानं ओढलं. उजवं वल्हं खोल गेलं, डावं हवेत फिरलं, होडी गर्रकन वळून कोळ्यांच्या जाळ्यावर गेली. तिकडून दोन शिव्या आल्या. त्यानं पुन्हा ओढलं. या वेळी डावं वल्हं खोल गेलं, उजवं निसटलं, आणि तो स्वतः मागच्या मागं होडीच्या तळाशी पडला. उठला. पुन्हा ओढलं. होडीनं तीन सावकाश गिरक्या घेतल्या. तो उजवा-डावा असं मोठ्यानं म्हणत होता, घामाघूम झाला होता, डोळ्यांत खारं पाणी गेलं होतं आणि मचवा प्रत्येक गिरकीत नव्या बाजूनं येऊन त्याला तोंड दाखवून जात होता.

कल्लाप्पा त्याच्या हातांकडे बघत होते. खराब धागा शोधताना बघत तसे, बारीक डोळे करून.

"सरक," ते म्हणाले.

ते मधल्या फळीवर बसले. पायांच्या तळव्यांनी समोरची पट्टी चाचपली आणि पाय रोवले. दोन्ही वल्ही एकदा नुसती वर धरून तोलली. मग हात पुढे गेले, पाय रेटले, पाठ मागं आली. हात पुढे, पाय, पाठ. चाळीस वर्षं दोन हात आणि दोन पाय एकाच ठेक्यात हलवलेला माणूस होता तो. पाचव्या ओढीला होडी सरळ झाली, दहाव्या ओढीला पाणी कापू लागली. कोळ्यांनी जाळी उचलून वाट दिली. पाण्याचा आवाजसुद्धा घरातल्यासारखा यायला लागला, खट आणि थोडं थांबून खट. वारा तोंडावर होता, की पाठीवर, याची त्यांनी चौकशी केली नाही.

मचवा आला. कल्लाप्पांनी त्याला हात लावला. आणि मग, परत वळायचं सोडून, आणखी दोन-अडीचशे हात पुढे, उघड्या समुद्राकडे होडी नेली.

"आप्पा, मचवा मागं ऱ्हायला."

"ठावं हाय मला," कल्लाप्पा म्हणाले आणि ओढत राहिले.

धक्क्यावर परतले तेव्हा कोळ्यांनी टोपलीभर बोय त्यांच्यापुढे ठेवली आणि उद्या पुन्हा ते लुगडं घेऊन येणार का, असं विचारलं. यमनाप्पा मासे निवडायला बसला. तम्मण्णा वडिलांसमोर उभा राहिला. अंगातून पाणी गळत होतं, पण त्यानं खांदे सरळ केले. शब्द म्हणजे शब्द.

"शिडानं न्यायची हुती. न्हाय नेली. मी हरलो, आप्पा. अक्षयतृतीयेला मागावर बसतो."

"कुनाच्या मागावर?" कल्लाप्पा म्हणाले.

"आपल्या. आजोबांच्या."

"न्हाय बाबा." कल्लाप्पांनी पटका पिळला. "बघितलं मी आज. उजवा हात काय करतोय ते डाव्याला ठावं न्हाय, आनि पाय कुनाचंच ऐकत न्हायत. असले हात मागावर आले तर धा दिवसांत फणी मोडंल, धोटा कुनाच्या तरी डोळ्यात जाईल. तू मुंबईला जा. वारा मोज. वाऱ्याचं काय मोडत न्हाय."

तम्मण्णाला जे हवं होतं ते मिळालं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की त्याचा अपमान झाला आहे.

"आप्पा, होडी सात मिनिटं वाऱ्याच्या तोंडावर गेली, ती मी नेली. तुमी सोता म्हनालासा, धक्का लांब गेला म्हनून."

"असंल. मला काय कळतंय त्यातलं?"

"आनि वल्ह्यांचं म्हनाल तर पहिलाच दिवस हुता. दोन्ही हातांचा जोर सारखाच हाय माजा. मोजून दाखवतो."

त्यानं खरोखरच मोजून दाखवलं. परतीच्या वाटेवर आंबोलीचा घाट चढेपर्यंत त्यानं मष्णूची पहार उजव्या हातानं उचलली, डाव्या हातानं उचलली, दोन्ही वेळा आकडे मोजले, दोन दगड दोन हातांत घेऊन चालला, आणि एक आठवडा, फक्त एक आठवडा मला चौथ्या मागावर बसवून बघा, असं वडिलांना परोपरीनं विनवलं. महिनाभर ज्या खड्ड्यातून सुटण्यासाठी त्यानं जिवाचं रान केलं, त्याच खड्ड्यात उतरू द्या म्हणून तो आता रडकुंडीला आला होता. यमनाप्पा साक्षीदार म्हणून मध्येमध्ये आकडे दुरुस्त करत होता.

घाटमाथ्यावर कल्लाप्पांनी गाडीवरच्या उपड्या होडीखालून मान बाहेर काढली.

"पुरं कर आता. त्ये मुंबईचं पत्र लिवायचंय न्हवं? त्याला एकच हात लागतोय."